वासाला भाव कोण देणार?

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या घरी एका कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडण झाले. जुडी आमच्याच मळ्यातली होती. मार्केटला पाठवून उरलेली, चांगली हातभर लांब, काळपट हिरवी, जाड देठांची. आज्जीने ती निवडायला घेतली, चार पाने चुरगळून नाकाशी नेली आणि जुडी ताटात टाकून म्हणाली, "ह्येला कोथमीर म्हणायचं? गवत हाय नुसतं." बाबा दारातच पाय धूत होते. ते म्हणाले, "ह्याच गवतावर तुझ्या नातवाची फी भरलीया, आई."

दोघेही खरे बोलत होते. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. जी जुडी मार्केटमध्ये पहिल्या नंबरची ठरते, ती चुलीपाशी नापास का होते? आणि चुलीपाशी पास होणारी जुडी पिकवली, तर शेतकऱ्याचे नुकसान का होते? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्राच्या बांधावर कशाला जावे, असे कोणी म्हणेल. परंतु भावाचा प्रश्न आला की तो आमच्या शाखेचा होतो. म्हणून विज्ञान शाखेतील मित्रांना त्रास देऊन आणि ग्रंथालयात बसून जे समजले, ते वाचकांपुढे मांडतो आहे.

पानाला वास येतो तो त्यातील उडून जाणाऱ्या तेलामुळे. शास्त्रज्ञ त्याला बाष्पनशील तेल म्हणतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाप्रमाणे ते कागदावर कायमचा डाग ठेवत नाही. काही वेळाने उडून जाते. वनस्पतीने हे तेल पानात ठेवण्याची जागाही नीट ठरवलेली असते. कढीपत्त्याचे पान उजेडाकडे धरून पाहावे, बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या कुप्या. तुळस व पुदिना यांच्या पानांवर सूक्ष्म केस असतात, आणि त्यांतल्या काहींच्या टोकाशी तेलाची पिशवी असते. म्हणून तुळशीला नुसता हात लागला तरी हाताला वास येतो. कोथिंबिरीत हे तेल देठापानांतून जाणाऱ्या बारीक नळ्यांत असते. म्हणून ती चिरावी किंवा ठेचावी लागते. प्रमाण सगळ्यांतच अगदी थोडे. ज्या जपानी पुदिन्यापासून मेंथॉल काढतात, त्याच्या शंभर किलो हिरव्या पाल्यातून साधारण अर्धा ते पाऊण किलो तेल मिळते. बाकीचे बहुतेक पाणी आणि चोथा. आपण मंडईत पैसे मोजतो ते त्या पाण्याचे आणि चोथ्याचे. पदार्थाला चव येते ती त्या अर्ध्या किलोतून.

आता वनस्पती हे तेल करते ते काही आपल्या आमटीसाठी नव्हे. किडीला दूर ठेवणे, चरणाऱ्या जनावराला नकोसे होणे, अशी तिची स्वतःची कामे त्यामागे आहेत. तिच्या दृष्टीने तेल हा खर्च आहे, आणि खर्च करायचा तर जमा हवी. या जमाखर्चाचा एक सुंदर हिशेब 1967 साली अमेरिकेतील ऑरेगन येथील बर्बट आणि लूमिस या दोन शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांनी पेपरमिंटची रोपे निरनिराळ्या लांबीच्या दिवसांत आणि निरनिराळ्या तपमानाच्या रात्रींत वाढवून पाहिली. दिवसभर भरपूर प्रकाश आणि रात्र थंड असेल, तर रोपापाशी शिल्लक राहते आणि तेलात मेंथोन हे चांगल्या प्रतीचे द्रव्य वाढते. दिवस लहान आणि रात्र उबदार असेल, तर दिवसाची कमाई रात्रीच्या श्वसनातच संपते आणि तेलात पुलेगोन, मेंथोफ्युरान ही कमी प्रतीची द्रव्ये वाढतात. दिवसा जमा, रात्री नावे, आणि उरेल ती शिल्लक म्हणजे वास! आमच्या खतावणीच्या तासाला इतके सोपे उदाहरण कोणी दिले नव्हते.

हा हिशेब कोथिंबिरीला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला माहीत आहे. पुदिन्याचा वास एका जातीच्या द्रव्यांचा आणि कोथिंबिरीच्या पानाचा दुसऱ्याच जातीच्या. एवढेच कशाला, कोथिंबिरीचे पान आणि तिचेच धणे यांच्याही वासाची द्रव्ये निराळी. धण्यांत लिनालूल हे मुख्य; पानात डेकानालसारखी द्रव्ये, जी काही माणसांना साबणासारखी लागतात. तरीही तेलासाठी लागणारे भांडवल पानाला उन्हातून कमवावे लागते, ही गोष्ट सर्वांना सारखीच लागू आहे.

या ठिकाणी पाणी आणि खत येते. पाणी व नत्र भरपूर मिळाले की पान भराभर वाढते, त्याच्या पेशी फुगतात, वजन वाढते; पण तेल त्याच वेगाने वाढेलच असे नाही. तेवढेच तेल जास्त पाल्यात वाटले गेले की दर पानामागे वास कमी. उलट बेताच्या पाण्यावर वाढलेले पान लहान राहते आणि अनेक सुगंधी वनस्पतींत अशा पानातील तेलाचे प्रमाण वाढलेले आढळते. मात्र रोपाला अगदी तहानेने मारले तर पालाही जातो आणि तेलही. "त्रास दिला की वास वाढतो" असा सरसकट नियम कोणी करू नये. बेताला महत्त्व आहे.

प्रकाशाचेही तसेच. सब्जा हा तुळशीच्या कुळातला. त्याच्या रोपांवर थोडी अतिनील किरणे पाडली असता पानातील तेल वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. खिडकीची साधी काच ही किरणे बहुतांशी अडवते. तेव्हा काचेआड वाढवलेल्या रोपाचा वास मवाळ निघाला तर आश्चर्य नको. सब्जावरचाच आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटला. 2001 साली अमेरिकेतील लॉक्रिन आणि कॅस्परबाउअर यांनी रोपांखालच्या जमिनीवर निरनिराळ्या रंगांचे आच्छादन घातले. लाल आच्छादनावर वाढलेली पाने काळ्यावरच्यांपेक्षा मोठी, रसरशीत आणि वजनदार झाली. सुगंधी द्रव्ये मात्र पिवळ्या आणि हिरव्या आच्छादनावर वाढलेल्या पानांत पांढऱ्या व निळ्या आच्छादनावरच्यांपेक्षा अधिक भरली. आता आमच्या मार्केटमधल्या शेतकऱ्याला यांतला कोणता रंग निवडायला सांगाल? वजनावर पैसे मिळत असतील तर तो लालच घेईल, आणि व्यवहार म्हणून त्याचे बरोबरच असेल.

हवापाण्याबरोबर बियाण्याचाही वाटा असतो. फ्रान्समध्ये माँपेलिए शहराच्या उत्तरेला सॅं-मार्तां-द-लाँद्र नावाचे एक खोलगट खोरे आहे. तेथे थाईम ही रानटी वनस्पती उगवते. आपल्या ओव्याला ज्या थायमॉलचा वास येतो, त्याच्यामुळेच काही थाईमलाही तो येतो. पण हिवाळ्यात थंड हवा या खोऱ्याच्या तळाशी साठते आणि थायमॉलसारखी तिखट द्रव्ये करणारी झाडे गोठून मरत. म्हणून तळाशी सौम्य वासाची झाडे आणि वर, कोरड्या उबदार जागी, तिखट वासाची, अशी वाटणी होती. 1970 च्या दशकात शास्त्रज्ञांनी हिचा नकाशा केला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की कडाक्याची थंडी कमी झाल्यापासून तिखट झाडे पूर्वी नव्हती अशा जागी उतरली आहेत. हवामान बदलले आणि टेकडीचा वासही बदलू लागला!

इतक्या लांब जायचे कारण नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने कढीपत्त्याच्या दोन जाती निवडून दिल्या आहेत. पहिली गर्द हिरवी आणि सुवासिक. पण थंडी तिला सोसत नाही, हिवाळ्यात नवी पालवी फुटायला कुरकुरते. दुसरी फिक्या पानांची. ती थंडीतही फुटत राहते. हिवाळ्यात बाजारात पाला हवा असेल तर शेतकरी कोणती लावील? धण्यांतही हाच प्रकार. थंड देशांतल्या, विशेषतः रशियाकडच्या, बारीक धण्यांत तेल पुष्कळ. आपल्याकडचे धणे टपोरे, पण तेलाने कमी. वाण, ऊन, रात्र, पाणी आणि खत या पाच जणांनी मिळून एका पानाचा वास ठरतो. मार्केटमध्ये मात्र यांपैकी एकाचीही चौकशी होत नाही.

आमच्या भागात यासाठी एक सुरेख शब्द आहे: जवारी. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा, दोघेही तो त्याच अर्थाने वापरतात. जवारी कोथिंबीर, जवारी वांगे, जवारी कोंबडी. संक्रांतीच्या भांडणानंतर मी बाबांच्या मागे लागलो आणि चार वाफे जवारी धण्यांचे टाकून घेतले. धणे रगडून दोन फाकी केल्या, पाणी एक पाळी आड दिले, आणि विसाव्या दिवसाचा युरिया त्या वाफ्यांना घातला नाही. हिशेबाची वही मी ठेवली. शेजारच्या वाफ्यांतून दहा जुड्या निघाल्या तेव्हा या वाफ्यांतून सात निघाल्या, त्याही आखूड. पण काढणीच्या सकाळी तेथे बसले की कपड्यांना वास लागत होता. आज्जीने त्या दिवशी काही न बोलता दोन जुड्या बाजूला काढून ठेवल्या.

मग मी स्वतः त्या जुड्या घेऊन पहाटे मार्केटला गेलो. अडत्याने दोन्ही ढीग पाहिले, जवारीचा ढीग पायाने जरा बाजूला सारला आणि भाव शेजारच्याच्या निम्म्याच्या जरा वर लावला. मी म्हणालो, जरा वास तर घेऊन बघा. तो हसला आणि म्हणाला, "वासनी यार् तूगतार्री?" वास कोण तोलतो हो?

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या मागे गोव्याची गाडी उभी होती. रात्रीतून घाट उतरून जाणाऱ्या मालाला जाड देठ हवे, उंची हवी, सकाळी टवटवीत दिसायला हवे. त्याच्याकडे माल घेणाराही डोळ्यांनीच पाहतो. परंतु त्याचा तो प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर "कोणी नाही" असे आहे, हे मला पटत नाही. कारण वास तोलला जातो, फक्त आपल्या मंडईत तोलला जात नाही.

उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात शेतकरी पुदिना लावतात आणि गावातल्याच भट्टीवर त्याचा अर्क काढून तेल विकतात. त्यांचा पैसा तेलावर, पाल्याच्या गठ्ठ्यावर नाही. म्हणून काढणीपूर्वी काही दिवस ते पाणी तोडतात आणि उघडीप पाहून कापणी करतात. 2005 साली तर हे तेल वायदेबाजारातही आले. त्याच कुळातला पुदिना आपल्याकडे जुडीने विकला जातो, आणि विकण्याआधी त्यावर आणखी पाणी मारले जाते! हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची मिरची घ्या. तिच्या रंगाचे माप काढता येते, रंग काढून विकणारे कारखाने आहेत, म्हणून रंगाला भाव आहे; 2011 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. अख्ख्या धण्यांत बाष्पनशील तेल किमान 0.1 टक्का असलेच पाहिजे, अशी अट अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. म्हणजे कोथिंबीर वाळून तिचे धणे झाले की कायदा तिच्या वासाची चौकशी करतो. ती हिरवी असेपर्यंत कोणी विचारत नाही.

आणि दूध? आमच्या गावात डेअरी येण्यापूर्वी दूध मापाने जाई, आणि मापाने जाणाऱ्या दुधात काय जाई ते मी सांगायला नको. डेअरीने फॅट लावायला सुरुवात केली आणि पाण्याचा धंदा बसला. पाणी घातलेल्या दुधाला डेअरी भाव कमी देते. पाणी भरलेल्या कोथिंबिरीला मंडई भाव जास्त देते. दोन्ही व्यवहार एकाच गावातले, एकाच शेतकऱ्याचे. तो एका ठिकाणी प्रामाणिक आणि दुसऱ्या ठिकाणी लबाड आहे, असे नाही. ज्याचे माप होते ते तो पिकवतो, एवढाच याचा अर्थ.

यावर आक्षेप येतील, आणि काही योग्यही आहेत. एक प्राध्यापक मला म्हणाले की एकराचा हिशेब केला तर खतपाण्यावर वाढलेल्या पिकातून एकूण तेल जास्तही निघू शकते, कारण पाला जास्त. हे खरे आहे. पण आमटीत कोणी एकर टाकत नाही, मूठभर पाला टाकतो. वासाची कोथिंबीर असेल तर मूठ लहान पुरते. दुसरा आक्षेप गरिबाचा: त्याला स्वस्त आणि मोठी जुडी हवी. पण मोठी जुडी आणून दुप्पट घालावी लागत असेल, तर ती स्वस्त कशी? तिसरा आक्षेप बाबांचा, आणि तो सर्वांत जड. ते म्हणतात, "वासाचं तुझं खरं. पण सोसायटीचा हप्ता वासावर भरून घेतील काय?" याला माझ्यापाशी उत्तर नाही. माझ्या वहीप्रमाणे जवारी वाफ्यांना जुडीमागे शेजारच्या वाफ्यांच्या दीडपट भाव मिळाला असता, तर खताचे वाचलेले पैसे धरून बाबांचे नुकसान झाले नसते. मिळाला निम्म्याच्या जरा वर. हा फरक शेतकऱ्याने सोसावा, असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या जुडीवर फी भरणाऱ्या मुलाला तरी नाही.

मग तो फरक कोण भरणार? आपण, म्हणजे गिऱ्हाइकांनी. बेळगावकरांना वासाची किंमत कळत नाही असे कोण म्हणेल? शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातल्या बासमतीचे नाव काढले की अजून वडीलधाऱ्यांचा चेहरा बदलतो. त्या तांदळाच्या वासाचे शास्त्र वेगळे, पण त्याची कहाणी हीच. जास्त उतारा देणारे वाण आले, शिवारात घरे आली, आणि वासासाठी जास्त पैसे मोजणारे पुरेसे उरले नाहीत. हळहळ सर्वांनी केली. भाव थोड्यांनीच दिला.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अगदी साधी: जुडी घेताना एक पान चुरगळून वास घ्या, आणि वास असेल तर घासाघीस करू नका. विकणाऱ्या बाईला आपण वास घेतो हे दोनदा दिसले, की तिसऱ्यांदा ती अडत्याला विचारील. दुसरी: मार्केटमध्ये जवारी माल निराळा लावावा. आज तो हायब्रीडच्या ढिगात पडतो आणि उंचीत हरतो. वेगळा ढीग असेल तर निदान वेगळा भाव तरी बोलता येईल. तिसरी आपल्या महाविद्यालयासाठी. पाल्यातील तेल मोजण्याचे क्लेव्हेंजरचे काचेचे उपकरण 1928 सालापासून जगात वापरात आहे, आणि त्यात फार गुंतागुंत नाही: पाला पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, वर तरंगणारे तेल नळीवरच्या खुणांवर वाचायचे. रसायन विभागाने उपकरण घ्यावे, वाणिज्य विभागाने मार्केटचे भाव टिपावेत, आणि मराठी व कन्नड विभागांतल्या मुलांनी आपापल्या गावांतून दोन-दोन जुड्या आणाव्यात. कोणत्या जुडीला किती भाव आणि तिच्यात किती तेल, याचा तक्ता पुढच्या अंकात दोन्ही भाषांत छापावा. डेअरीतल्या फॅटच्या यंत्राने जे दुधाचे केले, ते एवढ्याने होणार नाही. पण माप तरी सुरू होईल.

या हंगामासाठी बाबांशी माझा करार झाला आहे. पंधरा गुंठ्यांतले चार वाफे पुन्हा जवारीचे. त्यांचा माल अडत्याकडे जाणार नाही. शनिवारी-रविवारी मी आणि वर्गातला एक कन्नड मित्र तो वसाहतींतून दारोदार विकणार, आणि प्रत्येक घरी आधी एक पान हातात देणार. तोटा आला तर तो माझ्या खिशातून, असे बाबांनी वहीत लिहून घेतले आहे. आज्जीने धणे रगडायला घेतले आहेत.